उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब मागायला गेले तेव्हा

मी पत्रकार नाही. एका खासगी कंपनीत हिशेब तपासण्याचं काम करते आणि २००८ च्या अखेरीपासून मराठीत राजकारणावर ब्लॉग लिहिते. सुरुवात अगदी साध्या कारणाने झाली. वर्तमानपत्रात काही खटकलं की मी संपादकांना पत्र पाठवायचे. कधी ते चार ओळींत कापून छापलं जायचं, बहुतेक वेळा छापलंच जायचं नाही. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याचं टीव्हीवरचं वार्तांकन पाहून मला खूप काही बोलायचं होतं, आणि ते छापून येण्याची वाट पाहायची माझी तयारी नव्हती. तेव्हा 'ब्लॉगर' ह्या गूगलच्या मोफत ब्लॉगसेवेवर खातं उघडलं आणि लिहायला लागले.

लवकरच धोक्याचीही जाणीव झाली. त्याच वार्तांकनावर टीका करणाऱ्या एका भारतीय ब्लॉगरला २००९ च्या सुरुवातीला वृत्तवाहिनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर आपलं लेखन मागे घेऊन माफी मागावी लागली. ही बातमी मला ब्लॉगवरूनच कळली. घरी येणाऱ्या एकाही पेपरात ती माझ्या नजरेला पडली नाही. एक माध्यम दुसऱ्या माध्यमाबद्दल सहसा छापत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरलं. पुढच्या सगळ्या लिखाणाचं मूळ त्यात आहे.

तंत्राचा भाग मी पटकन सांगून टाकते. त्या काळी मराठी टाइप करणं म्हणजे डीटीपीवाल्यांचं काम अशीच समजूत होती. त्यांच्याकडच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसायची. काही मराठी वर्तमानपत्रांच्या साइटही कित्येक वर्षं अशाच स्वतःच्या फॉन्टवर चालल्या. त्यामुळे त्यांच्या जुन्या बातम्या गूगलवर शोधून सापडत नसत. मी आधी बरहा हे भारतीय भाषांत टाइप करायचं सॉफ्टवेअर वापरलं, मग इनस्क्रिप्ट ही देवनागरीची कीबोर्ड रचना शिकले. माझा मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता आणि शोधता येणाऱ्या अक्षरपद्धतीत होता. याचा फायदा किती मोठा आहे हे नंतर समजलं: आमच्या मतदारसंघाचं नाव मराठीत शोधलं की एखाद्या मोठ्या दैनिकाच्या आधी माझा ब्लॉग वर यायचा. रोज लाखात छापल्या जाणाऱ्या बातमीचा दुसऱ्या दिवशी मागमूस राहत नसे, आणि माझं शे-दोनशे वाचकांचं लेखन तीन वर्षांनीही सापडायचं.

मग ऑक्टोबर २००९ उजाडला. विधानसभेचं मतदान १३ तारखेला होतं, निकाल २२ ला. प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात आमच्याकडच्या पेपरांमधून एकाएकी विरोधी सूरच नाहीसा झाला. प्रत्येक उमेदवाराच्या पदयात्रेला जनसागर उसळत होता, प्रत्येकाचा विजय निश्चित होता, आणि हे सगळं एकाच पेपरात शेजारी शेजारी छापून येत होतं. वरच्या अर्ध्या पानात एक उमेदवार प्रचंड मताधिक्याने निवडून येणार, आणि खालच्या अर्ध्यात त्याचाच प्रतिस्पर्धी तितक्याच मताधिक्याने.

मी कात्रणं काढायला लागले. घरी येणारे अंक होतेच, बाकीचे वाचनालयातून पाहिले. एका उमेदवारावरचा लेख तीन वेगवेगळ्या दैनिकांत आला होता. पहिल्यात मंगळवारी, उरलेल्या दोघांत एक-दोन दिवसांच्या अंतराने. मथळे वेगळे होते, एका ठिकाणी लेखकाचं नावही होतं. मजकूर मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तोच. मी तिन्ही कात्रणं टेबलावर शेजारी ठेवून पेन्सिलीने ओळ न् ओळ जुळवली. तिसऱ्या परिच्छेदात आमच्या भागातल्या एका वाडीचं नाव चुकलं होतं. 'खुर्द'च्या जागी 'बुद्रुक' पडलं होतं. इथल्या कुठल्याही वार्ताहराच्या हातून असं होणार नाही, कारण खुर्द आणि बुद्रुक ही दोन वेगळी गावं आहेत, दोन्हींच्या मध्ये ओढा आहे आणि दोन्हींच्या ग्रामपंचायतींचं आपसांत पटत नाही. तीच चूक तिन्ही पेपरांत, त्याच वाक्यात. म्हणजे लेख एकाच ठिकाणी, बहुधा मतदारसंघाबाहेर लिहिला गेला होता आणि तिथून तयार होऊन आला होता.

ओळखीच्या एका वार्ताहराला मी कात्रणं दाखवली. आमच्या भागातला पाणीप्रश्न अनेक वर्षं पोटतिडकीने लिहिणारा माणूस. त्याने तिन्ही वाचली आणि कपाळाला हात लावला.

"ताई, ह्यातलं एक अक्षर आम्ही लिहिलेलं नाही. वरून मेल येते, ती पानात लावायची. मी लिहिलेली सभेची बातमी त्या दिवशी लागलीच नाही, जागा नव्हती म्हणाले."

"कुणी म्हणालं?"

"जाहिरातवाल्यांनी. निवडणुकीत पान तेच लावतात."

त्याचं नाव किंवा त्याला ओळखता येईल असं काहीही मी कधी लिहिलं नाही आणि लिहिणारही नाही. वार्ताहरांना तेव्हा छापून आलेल्या मजकुराप्रमाणे किंवा महिन्याला अगदी तुटपुंजं मानधन मिळायचं, आणि वर जाहिराती आणण्याचं उद्दिष्ट दिलं जायचं. ह्या माणसांना दोष देऊन हात झटकायचे, हे मला आजही मान्य नाही.

दुसरी भेट एका अपक्ष उमेदवाराची. निवृत्त मुख्याध्यापक. गावोगाव सायकलवर फिरून प्रचार केला, स्वतःच्या निवृत्तिवेतनातून पत्रकं छापली. त्यांचं नाव उमेदवारांच्या यादीखेरीज एकाही पेपरात आलं नव्हतं. मी विचारलं, "सर, तुम्ही बातमी पाठवली नव्हती का?"

"पाठवली की. स्वतः नेऊन दिली. संपादकीय विभागातल्या मुलाने चहा विचारला, बसवलं, आणि खाली जाहिरात विभागात भेटून या म्हणाला. खाली गेलो तर त्यांनी तक्ता पुढे केला. अमुक इतक्या बातम्या, तमुक इतके फोटो, एक मुलाखत, शेवटच्या दिवशी अर्धं पान. पॅकेज म्हणतात त्याला. मी म्हटलं, मला जाहिरात द्यायची नाही, मी उमेदवार आहे एवढंच छापा. तर म्हणाले, पॅकेज नसेल तर नावही नाही."

हे सगळं मी ब्लॉगवर लिहिलं. वाचकांनी शाबासकी दिली, काहींनी आपापल्या जिल्ह्यातले असेच अनुभव कळवले. पण माझ्या कामाच्या सवयीप्रमाणे ते मला पुरेसं वाटत नव्हतं. सारखा मजकूर हा संशयाचा भक्कम आधार असतो. व्यवहार झाला हे त्यातून सिद्ध होत नाही. मी रोज लोकांची बिलं तपासते. खर्च लपवला आहे का हे पाहायचं तर खर्चाचं पुस्तक समोर हवं.

त्याच सुमाराला द हिंदू ह्या इंग्रजी दैनिकात पत्रकार पी. साईनाथ यांचे लेख यायला लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी महाराष्ट्राच्या निवडणुकीतल्या ह्या पॅकेजच्या धंद्यावर लिहिलं, आणि नोव्हेंबरच्या शेवटी थेट तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरच्या 'अशोक पर्व'च्या पानांबद्दल. वेगवेगळ्या मराठी दैनिकांत मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारी पानंच्या पानं, आणि काही मजकूर शब्दशः सारखा. चव्हाण यांनी निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला. मला त्या लेखातून वाट सापडली: उमेदवाराचा खर्चाचा हिशेब सामान्य माणसालाही बघायला मिळतो.

मग मी कायदा वाचायला बसले. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ७७: उमेदवाराने अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या सगळ्या खर्चाचा वेगळा आणि खरा हिशेब ठेवायचा. कलम ७८: निकालानंतर ३० दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल करायचा. आणि १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतला नियम ८८: कोणतीही व्यक्ती एक रुपया शुल्क भरून हा हिशेब पाहू शकते, ठरलेलं शुल्क भरून त्याच्या साक्षांकित प्रती घेऊ शकते. कोणतीही व्यक्ती. पत्रकार असण्याची अट नाही, त्या मतदारसंघातला मतदार असण्याचीही नाही. हे वाचून माझा आनंद गगनात मावेना. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात तेव्हा १० लाख रुपये खर्चाची मर्यादा होती, आणि ती पाळली गेली का हे तपासण्याची किल्ली एका रुपयात मिळत होती.

डिसेंबरात मी कात्रणांतल्या त्या उमेदवाराच्या हिशेबासाठी अर्ज घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत गेले. समोरच्या अव्वल कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला.

"मॅडम, हे माहिती अधिकारात टाका. तीस दिवसांत उत्तर येईल."

"माहिती अधिकाराची गरज नाही. नियम ८८ खाली पाहणी मागितली आहे. एक रुपया भरते, तुम्ही फाईल दाखवा."

"एक रुपया कशाचा?"

मी नियमाची छापील प्रत पुढे ठेवली. त्यांनी ती नायब तहसीलदारांकडे नेली. नायब तहसीलदार बैठकीला गेले होते. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा ते जागेवर होते, पण एक रुपया कोणत्या शीर्षाखाली जमा करायचा ह्याचा निकाल लागेना. असा अर्ज आजवर कुणी दिलाच नव्हता. कोषागाराला फोन झाला, जुनी परिपत्रकं काढली गेली. ह्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही, ती खरोखर उत्तर शोधत होती. तक्रार होती ती मध्येच आलेल्या एका गृहस्थांबद्दल, ज्यांनी अर्ज वाचून मला विचारलं, "तुम्ही कुठल्या पेपरच्या?" कुठल्याच नाही म्हटल्यावर, "मग तुम्हाला काय करायचंय?" मी नियमातले 'कोणतीही व्यक्ती' हे शब्द बोटाने दाखवले. त्यापुढे बोलले नाही.

शेवटी पावती फाटली. एक रुपया फक्त. फाईल टेबलावर आली.

हिशेबाचं पुस्तक हातात घेतल्यावर मी माझ्या घरी आल्यासारखी झाले. डाव्या बाजूला तारीख आणि तपशील, उजवीकडे रक्कम, मागे क्रमांकाने लावलेली व्हाउचर. मंडप, ध्वनिक्षेपक, गाड्यांचं डिझेल, पत्रकांची छपाई, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता. सगळं नीटनेटकं, बेरीज बरोबर, आणि एकूण आकडा मर्यादेच्या बराच आत. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींच्या नावापुढे काही हजार रुपये आणि मागे दोन पावत्या. दोन्ही पावत्या मतदानाच्या आदल्या आठवड्यातल्या, दोन छोट्या चौकटींच्या. त्या चौकटी माझ्या कात्रणांत होत्या, मापंही जुळली. पण त्याच आठवड्यात त्याच दैनिकांतून त्याच उमेदवारावर आलेली पानं, मुलाखती, रंगीत फोटो यांचा हिशेबात उल्लेख नव्हता. कायद्याने तो असायची गरज आहे की नाही, हे एकाच गोष्टीवर अवलंबून होतं: ह्या मजकुराला बातमी म्हणायचं की जाहिरात.

मी पट्टी घेऊन बसले. प्रत्येक कात्रणाची उंची आणि कॉलमची संख्या मोजली. त्या दैनिकांच्या जाहिरात काउंटरवरून दरपत्रक आणलं. ते कुणालाही मिळतं. आवृत्तीप्रमाणे कॉलम सेंटिमीटरचा, म्हणजे एक कॉलम रुंद आणि एक सेंटिमीटर उंच जागेचा दर, रंगीत असेल तर जास्त, पहिल्या पानाला आणखी जास्त. मग तक्ता केला: तारीख, दैनिक, पान, मथळा, कॉलम सेंटिमीटर, हाच मजकूर आणखी कुठे आला, आणि जाहिरात धरली तर दरपत्रकाप्रमाणे किंमत. एकाच दैनिकातल्या एका आठवड्याची बेरीज जाहीर केलेल्या जाहिरात खर्चाच्या कितीतरी पट निघाली. तिन्ही दैनिकांची धरली तर खर्चाच्या मर्यादेचाच प्रश्न उभा राहत होता.

लिहिताना मी एक रेघ आखून घेतली. पैसे दिले, असं मी कुठेही लिहिलं नाही. पैसे देताना मी पाहिलं नव्हतं आणि देणाऱ्या-घेणाऱ्याने मला सांगितलं नव्हतं. मी तक्ता टाकला, कात्रणांची छायाचित्रं टाकली, हिशेबाच्या साक्षांकित प्रतीचं पान टाकलं, आणि खाली दोनच प्रश्न विचारले. हा मजकूर बातमी असेल तर तीन प्रतिस्पर्धी दैनिकांनी चुकीसकट एकच बातमी कशी लिहिली? आणि जाहिरात असेल तर ती हिशेबात का नाही? उमेदवाराचं आणि दैनिकांचं म्हणणं मागणारी पत्रंही पाठवली होती. उत्तर आलं नाही, तेही लिहिलं.

ही रीत मी एकटीने शोधलेली नाही. अमेरिकेतल्या राजकीय ब्लॉगांबद्दल मी त्या वर्षभरात बरंच वाचलं होतं. सप्टेंबर २००४ मध्ये सीबीएस वाहिनीने अध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेबद्दल १९७० च्या दशकातली म्हणून काही कागदपत्रं दाखवली, आणि काही तासांत ब्लॉगरांनी त्या कागदांची अक्षरं, त्यांमधलं अंतर, ओळींची मांडणी तपासून प्रश्न उभे केले. एकाने तर तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये टाइप करून शेजारी ठेवला. कागद खरे असल्याचं वाहिनीला सिद्ध करता आलं नाही, आणि बारा दिवसांत दिलगिरी व्यक्त करावी लागली. दुसरं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं. २००७ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने सरकारी वकिलांना काढून टाकल्याच्या प्रकरणात सुमारे ३,००० पानं एकदम बाहेर टाकली. जॉश मार्शल यांच्या टॉकिंग पॉइंट्स मेमो ह्या ब्लॉगने ती आपल्या वाचकांत वाटून दिली आणि सगळ्यांनी मिळून वाचली. २००८ मध्ये त्यांना पत्रकारितेतला मानाचा पोल्क पुरस्कार मिळाला. दोन्ही ठिकाणी ब्लॉगची ताकद मतांत नव्हती. कागद सगळ्यांसमोर ठेवला आणि वाचायला पुष्कळ डोळे मिळाले, ही ती ताकद.

माझ्याही बाबतीत हे खरं ठरलं. तक्ता टाकल्यानंतर अनोळखी लोकांनी आपल्याकडची कात्रणं स्कॅन करून पाठवली. एका निवृत्त ग्रंथपालांनी वाचनालयातले अंक तारीखवार लावून दिले. एका छपाईवाल्याने माझ्या दरपत्रकाच्या हिशेबातली एक बारीक गोष्ट समजावली: निवडणुकीच्या पुरवणीला वेगळा दर असतो, तो साधारण दरापेक्षा जास्त. ते वाचकांसमोर मांडून तक्ता वाढवला. एका पेपरच्या जिल्हा कार्यालयात बसून हे काम करायची मुभा कुणालाच नव्हती. आम्ही एकमेकांना न भेटता ते केलं.

मग दबाव आला. आधी फोन, मग उमेदवाराच्या वकिलाची नोटीस. बदनामीचा दावा लावू, लेख काढा. मी घाबरले, हे सांगायला हवं. नोकरी करणाऱ्या माणसाला कोर्टाची तारीख म्हणजे रजा आणि पैसा. ओळखीच्या वकीलबाईंनी सगळं वाचलं आणि विचारलं, "ह्यातलं कुठलं वाक्य तुला कागदाने सिद्ध करता येत नाही?" एकही नव्हतं. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या बदनामीविषयीच्या कलम ४९९ चा पहिलाच अपवाद सार्वजनिक हितासाठी सांगितलेल्या सत्याचा होता, हे त्यांनी दाखवलं. आम्ही प्रत्येक वाक्यासमोर त्याचा कागद लावून उत्तर पाठवलं. पुढे काही आलं नाही. लेख आहे तिथेच आहे.

पण ती टांगती तलवार पुष्कळ वर्षं राहिली, माझ्यावर आणि सगळ्याच लिहिणाऱ्यांवर. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ ह्याच निवडणुकीच्या निकालानंतर पाच दिवसांनी, २७ ऑक्टोबर २००९ ला लागू झालं. 'अतिशय आक्षेपार्ह' मजकूर संगणकावरून पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह म्हणजे काय, ते ठरवणार पोलीस. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक नोंदीवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त पसंती दर्शवली होती. मोठ्या वृत्तसमूहाकडे वकिलांची फौज असते, एकट्याने लिहिणाऱ्याकडे काही नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं, त्या संध्याकाळी मी खूप दिवसांनी मोकळेपणी लिहिलं.

पेड न्यूजच्या, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराच्या प्रकरणाचं पुढे काय झालं, ते सांगायलाच हवं, कारण ब्लॉग आणि छापील माध्यमं यांतला खरा सामना तिथे दिसला. भारतीय प्रेस परिषदेने, म्हणजे प्रेस कौन्सिलने, दोन सदस्यांची उपसमिती नेमली: परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी. त्यांनी २०१० मध्ये सत्तरएक पानांचा अहवाल दिला, त्यात वृत्तसमूहांची नावं होती. परिषदेने तो जसाच्या तसा प्रसिद्ध केला नाही. नावं वगळून छोटा अहवाल काढला. पूर्ण अहवाल मात्र इंटरनेटवर फिरायला लागला. मी तो रात्री जागून वाचला आणि महाराष्ट्राचा भाग मराठीत सांगितला. माझ्या ब्लॉगवर तोवर आलेल्या वाचकांत त्या आठवड्याइतके कधीच आले नव्हते. ज्या पेपरांबद्दल त्यात लिहिलं होतं, त्यांच्या वाचकांना ते त्या पेपरांत वाचायला मिळणं शक्यच नव्हतं. २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यावर परिषदेला पूर्ण अहवाल खुला करावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरात निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना अशाच बातम्यांचा खर्च न दाखवल्याबद्दल तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. अशोक चव्हाण यांच्या प्रकरणात आयोगाने २०१४ मध्ये त्यांच्या हिशेबावर ठपका ठेवून कारणे दाखवा नोटीस काढली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. दोन्ही निर्णय मी सारख्याच जागेत, सारख्याच तपशिलाने लिहिले. आपल्याला हवा तो निकाल लागला तरच छापायचा, ही सवय ज्यांची नको वाटली, तिची सुरुवात आपल्याकडून का करायची?

माझं ह्या सगळ्यावरचं मत ठाम आहे. ब्लॉगांनी वर्तमानपत्रांची जागा घेतली, असं मी कधी म्हणणार नाही. जिल्हा परिषदेच्या सभेला रोज बसायला माणूस लागतो, तो माझ्याकडे नाही. मला वाट दाखवणारे लेखही एका दैनिकातच छापून आले होते, आणि पहिला दुवा दिला तो एका वार्ताहराने. पण वर्तमानपत्रं ज्या एका विषयावर जवळपास एकमताने गप्प बसतात, तो विषय म्हणजे ती स्वतः. त्यांचे मालक, त्यांच्या जाहिराती, त्यांचे राजकारण्यांशी व्यवहार. तिथे बाहेरच्या माणसाची गरज पडते, आणि २००९ मध्ये ते बाहेरचं अंगण आम्हाला फुकटात मिळालं होतं.

ते अंगण नंतर फार काळ स्वच्छ राहिलं नाही. २०१४ च्या निवडणुकांआधी एका जाहिरात संस्थेच्या माणसाचा मला फोन आला. अतिशय गोड बोलणं. तुमचा वाचकवर्ग चांगला आहे, महिन्याला इतके लेख आमच्याकडून येतील, तुमच्या नावाने टाकायचे, मानधन मिळेल. मी विचारलं, हे प्रायोजित आहे असं वर लिहिता येईल का? म्हणाले, तसं लिहिलं तर उपयोग काय. शब्द तेच होते, फक्त पेपरच्या जागी ब्लॉग होता. मी नकार दिला आणि संभाषण नाव न घेता ब्लॉगवर लिहिलं. त्यानंतर ओळखीच्या दोघा ब्लॉगरांचे लेख मला अचानक एकसारखे वाटायला लागले. मी पुन्हा पेन्सिल काढली, ओळी जुळवल्या, आणि तेही छापलं. मैत्री गेली. आपल्या बाजूच्या माणसाला वेगळी पट्टी लावली असती, तर त्या पहिल्या तक्त्याला काडीची किंमत उरली नसती.

आता पक्षांचे माहिती तंत्रज्ञान कक्ष आहेत, व्हॉट्सॲपवर निनावी मजकूर फिरतो, आणि लोक कशालाही ब्लॉग म्हणतात. मी अजूनही प्रत्येक निवडणुकीनंतर हिशेब मागते. २०२४ च्या विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख होती. निवडणूक शाखेतले लोक बदलले आहेत, पण आता नियम ८८ म्हटलं की कुणी कशाचा एक रुपया असं विचारत नाही. हिशेबांचा सारांश जिल्ह्याच्या संकेतस्थळावरही टाकला जातो. तेवढ्यावर थांबू नका, मूळ नोंदवही पाहायला मागा. तिचे तीन भाग असतात: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख रक्कम, पिवळ्या पानांवर बँकेचे व्यवहार. पांढऱ्या पानावरची, उमेदवाराने स्वतः दिलेली प्रत्येक मोठी रक्कम गुलाबी किंवा पिवळ्या पानावर सापडली पाहिजे, तारखेसकट.

दुसरी गोष्ट म्हणजे छाया निरीक्षण नोंदवही, कार्यालयात जिला शॅडो रजिस्टर म्हणतात. उमेदवाराने काय लिहिलं याची वाट न पाहता निवडणूक यंत्रणेचं लेखापथक सभा, गाड्या, जाहिराती यांचा आपल्या नजरेने केलेला हिशेब तिच्यात ठेवतं, आणि सोबत पुराव्यांची फाईल असते. जिल्ह्याच्या माध्यम समितीने एखादी बातमी पेड न्यूज ठरवली असेल तर तिचा खर्चही इथेच चढतो. ही नोंदवही माहिती अधिकारात मागा. आपल्या राज्यात अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. अर्जात मतदारसंघ, उमेदवाराचं नाव आणि 'पुराव्यांच्या फाईलसह' हे शब्द लिहायला विसरू नका, नाहीतर नुसती बेरीज हातात देतात. आणि निवडणुकीच्या काळातले पेपर रद्दीत घालायच्या आधी एकदा चाळून, कात्रणांवर तारीख आणि पान क्रमांक त्याच दिवशी टाकून ठेवा. नंतर तो आठवत नाही, आणि त्याशिवाय कात्रणाला पुरावा म्हणून कुणी विचारत नाही.